काळा शेपटा, नग एक

दियाचा फोन आला तेव्हा मधुमतीबाई आठल्ये वॉटफर्डच्या आपल्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या, त्यामुळे रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरावा लागला. पुढे जे काही घडलं त्याचं सगळं खापर त्यांनी बरेच दिवस या अवघडलेल्या मानेवर फोडलं. मान सरळ असती तर आपण विचार करून उत्तर दिलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

"आत्या, तू माझा करवली होशील?"

"माझी करवली," मधुमतीबाईंनी सवयीनं दुरुस्त केलं. दिया ही त्यांच्या धाकट्या भावाची, संजयची मुलगी. जन्म वॉटफर्डचा; दहा वर्षांची असताना संजयला एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती सगळी तिकडे गेली. मराठी शब्द तिला भरपूर येत, फक्त तो, ती आणि ते यांच्यात ती कुणाशीच भेदभाव करत नसे.

"हां, माझी. म्हणजे ब्राइड्समेड गं. सकाळी रजिस्ट्रारकडे पण, आणि दुपारच्या मराठी लग्नात पण. मी एकच ठेवणारे. ओन्ली यू."

"अगं, बावन्न वर्षांची आहे मी! करवली म्हणजे लहान पोर असते. हातात पाण्याचा करा घेऊन नवरीच्या मागे उभी राहते ती."

"मग आपण मेट्रन ऑफ ऑनर म्हणू. मॅरिड असली की तसंच म्हणतात."

मधुमतीबाई एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम करत. तिथली मेट्रन जिना चढू लागली की वरच्या मजल्यावरचे डॉक्टरसुद्धा शर्ट खोचून घेत. त्या बाईच्या पंगतीला बसण्यापेक्षा करवली बरी, असं ठरवून त्या हो म्हणाल्या. आणि मग दियानं तो प्रश्न विचारला.

"आत्या, तुझा केस आता कसा आहे? बाबा म्हणाला, खूप पातळ झालाय."

"छे! काहीतरीच काय. चांगले आहेत की. होते तसेच आहेत."

"ओ," दिया जरा हिरमुसून म्हणाली. "ओके. नाइस." आवाज पडला तो लाइन खराब म्हणून, असं मधुमतीबाईंना वाटलं.

वास्तविक केस होते तसे मुळीच नव्हते. एके काळी मधुमतीबाई खुर्चीत बसताना वेणी पुढे घेऊन बसत, कारण ती अंगाखाली सापडे. संजय आणि त्याची बायको रविवारी ड्यूटीवर असत तेव्हा छोटी दिया आत्याकडे असायची. आत्या "मानेला झटका देऊ नकोस, पुढे बघ" म्हणत तिच्या दोन वेण्या घालून द्यायची आणि मग ती आत्याच्या वेणीशी तासभर खेळायची. पुढे थायरॉइड आला, मग वय आलं, आणि केस गेले ते गेलेच. आता भांग पाडावा लागत नसे, तो असायचाच. गेली तीन वर्षं कुठल्याही समारंभात मधुमतीबाई आधी कॅमेरा ताब्यात घेत आणि "मी काढते, तुम्ही सगळे उभे राहा" म्हणत. त्यामुळे अल्बममध्ये त्यांचे यजमान मोहनराव जिकडे तिकडे एकटेच दिसत. भारतातल्या एका मावशींनी तर फोन करून, "मधू बरी आहे ना?" असं हळूच विचारलं होतं.

आणि आता नवरीच्या शेजारी उभं राहायचं होतं. मराठी लग्नात तर नवरीच्या मागे, म्हणजे सगळ्या हॉलकडे पाठ करून. लग्न एप्रिलात होतं, आणि 'होते तसेच आहेत' असं सांगून झालं होतं.

मोहनरावांनी हे काम अंगावर घेतलं. रस्त्यांवरचे पूल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि त्यावर करायला त्यांच्याकडे काही काम नव्हतं. त्यांनी 'पातळ केस दाट भासवणाऱ्या ब्राइड्समेड केशरचना' या विषयावर रंगीत पानांची अख्खी फाइल छापून काढली. पानापानांवर विशीतल्या पोरी. एकेकीच्या डोक्यावर एवढे केस की त्यांना दाट भासवायची काय गरज होती ते कळेना.

"यात टीझिंग म्हणून एक प्रकार आहे," मोहनराव चष्मा सरसावून म्हणाले. "टीझिंग म्हणजे चिडवणं. केस उलटे विंचरून चिडवायचे, की ते फुगतात. तुझंही तसंच आहे."

"अहो, मी रडकुंडीला आलेय आणि तुम्हाला विनोद सुचतोय?"

"मी फक्त तंत्र समजावून सांगतोय. माझं मत विचारशील तर पाया असा असताना वर मजले चढवू नयेत."

पाया भक्कम करण्याची जबाबदारी आशाताईंनी घेतली. आशाताई दोन घरं सोडून राहत आणि सल्ला द्यायला त्यांना आमंत्रण लागत नसे. "बावन्नाव्या वर्षी करवली?" असं त्यांनी आधी तीनदा विचारून घेतलं, आणि समाधान झाल्यावर म्हणाल्या, "कांद्याचा रस! रोज रात्री चोळायचा. माझ्या नणंदेच्या जावेला टाळूवर अशी लव फुटली की काय सांगू."

मधुमतीबाईंनी रस चोळला. सकाळी शाम्पू केला, दोनदा केला, वर अत्तर मारलं, आणि कामावर गेल्या. हॉस्पिटलचं रिसेप्शन चांगलं उबदार असे. अकराच्या सुमारास एका पोर्टरनं कुणाचं जेवण मागे राहिलंय का ते पाहायला खुर्च्या हलवल्या. मग एका पेशंटनं कॅन्टीन याच मजल्यावर आहे का असं विचारलं. शेवटी खुद्द मेट्रन आली, हवेत नाक फिरवत फिरवत मधुमतीबाईंच्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "मिसेस अ‍ॅथलीट, एव्हरीथिंग ऑल राइट अ‍ॅट होम?" आठल्ये हे आडनाव त्या इमारतीत कुणालाही कधी जमलं नव्हतं. बारा वर्षं त्या मिसेस अ‍ॅथलीट होत्या आणि जिना चढताना मध्ये थांबत होत्या.

कांदा बंद झाला. मग मोहनरावांच्या फाइलमधलं एक पान घेऊन मधुमतीबाई हाय स्ट्रीटवरच्या सलूनमध्ये गेल्या. केली नावाची मुलगी होती. तिनं पान पाहिलं, डोकं पाहिलं, "ओ, ब्लेस," असं कळवळून म्हणाली आणि कामाला लागली. तिनं केसांना इतकं चिडवलं की खरंच ते उभे राहिले. त्यावर डबाभर स्प्रे मारला. आरशात बघताना मधुमतीबाईंना कितीतरी दिवसांनी आपण आपल्यासारख्या वाटलो. त्या मुद्दाम बसनं न जाता चालत घरी निघाल्या.

घरी पोचेपर्यंत उजवी बाजू जागेवर होती. डावी खाली आली होती.

"भूस्खलन," मोहनराव म्हणाले.

रात्री तो गुंता सोडवायला दोघं बसले. मोहनरावांनी एकही विनोद केला नाही, फणीला तेल लावून एकेक बट सोडवली. तरी सोडवून झाल्यावर फणीत जेवढे केस आले तेवढे पाहून मधुमतीबाईंना रडू आलं. आधीच मोजके, त्यातले हेही गेले. "मी दियाला सांगते, मला रजा मिळत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. मोहनराव म्हणाले, "ती पोर एकच करवली ठेवणारे. तू गेली नाहीस तर तिच्यामागे कोण उभं राहणार?"

मधुमतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि डोळे पुसता पुसताच त्यांना गंगावन आठवलं.

आता गंगावन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या एखाद्या वयस्क बाईला एकटं गाठून विचारावं. चारचौघांत ती सांगणार नाही. गंगावन म्हणजे खऱ्या केसांचा तयार शेपटा, वरच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधलेला. आपल्या केसांत गुंफून वेणी घालायची किंवा अंबाडा वळायचा. कळणाऱ्यांना कळतं, पण त्याही वापरत असल्यामुळे बोलत नाहीत. केलीच्या स्प्रेच्या डब्यांनी जे होणार नव्हतं ते आपल्या आज्यांनी एका दोऱ्यात करून ठेवलं होतं.

मधुमतीबाईंनी लगेच पुण्याला धाकट्या दिरांना फोन लावला. यशोधनभावजी इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. "वहिनी, चिंता नको," ते म्हणाले, "उत्तम प्रतीचा, काळाभोर, लांब शेपटा आजच्या आज रवाना करतो." आणि खरोखर त्यांनी तो त्याच दिवशी पाठवला. फक्त पार्सलात काय आहे हे बाहेर लिहायचं होतं, आणि ते त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरांत, जातिवंत शिक्षकाच्या काटेकोरपणानं, शब्दाला शब्द ठेवून लिहिलं: 'लेडीज टेल. ब्लॅक. वन. फॉर सेरिमोनियल यूज.'

दोन आठवड्यांनी घरी कस्टम्सचं पत्र आलं. पार्सल अडवून ठेवलं होतं आणि खुलाशासाठी फोन करावा अशी विनंती होती. मधुमतीबाईंनी फोन केला. पलीकडचा अधिकारी तरुण होता आणि फार नम्र होता. नम्र अधिकाऱ्याशी भांडताही येत नाही.

"मॅडम, यात एक शेपूट आहे असं लिहिलंय. कुठल्या प्राण्याचं?"

"प्राण्याचं नाही. लेडीचं."

"लेडी हे प्राण्याचं नाव आहे का? घोडीचं वगैरे?"

"नाही हो. लेडी म्हणजे लेडी. बाई. माणूस."

"माणसाला शेपूट नसतं, मॅडम."

"आमच्यात असतं," मधुमतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. चिडल्या की त्या इंग्रजीत बोलत पण मराठीत विचार करत. "मलासुद्धा होतं. चांगलं गुडघ्यापर्यंत. हल्ली गळलं."

मग अधिकाऱ्यानं फार हळुवारपणे, त्यांच्याजवळ आत्ता घरात कुणी आहे का, असं विचारलं. मोहनरावांनी फोन हातात घेतला. त्यांनी 'सेरिमोनियल' या शब्दाचा खुलासा करायला सुरुवात केली, बोलता बोलता करवली, करा आणि अंतरपाट इथपर्यंत आले, आणि तो नम्र मुलगा म्हणाला की हे सगळं लिहून पाठवाल तर बरं होईल. मोहनरावांनी लिहिलं. सोबत आकृत्या जोडल्या: मधुमतीबाईंचं डोकं समोरून, बाजूनं आणि मागून, शेपटा लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर. ज्या डोक्याचा तीन वर्षांत एकही फोटो निघाला नव्हता, त्याचे सहा नकाशे सरकारदरबारी जमा झाले.

शेपटा लग्नाच्या आठवड्यात सुटला. मधुमतीबाईंनी तो उन्हात धरला आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आशाताईंनाही बोलावून दाखवला. मोहनरावांनी अंबाड्याची बांधणी कागदावर काढून दिली, कुठे आकडा, कुठे जाळी, कुठे गजरा. तालीम म्हणून मधुमतीबाई अंबाडा घालून मागच्या अंगणात दोन फेऱ्या मारून आल्या. काही हललं नाही. "वाऱ्याचा विचार केलाय मी," मोहनराव समाधानानं म्हणाले.

वाऱ्याचा विचार त्यांनी केला होता, पण वारा वॉटफर्डचा धरला होता.

एडिनबराला रजिस्ट्रारपुढच्या सह्या झकास झाल्या. मधुमतीबाई मोरपिशी पैठणीत नवरीच्या शेजारी ताठ उभ्या होत्या. संजय येऊन कानात म्हणाला, "ताई, केस कसे परत आणलेस गं?" एवढ्यावर त्या खूश होत्या. दिया मात्र अधूनमधून त्यांच्या अंबाड्याकडे पाहत होती. तिच्या स्वतःच्या डोक्यावर मोठा, गुळगुळीत इंग्लिश अंबाडा होता. तो ती सारखी बोटानं चाचपत होती.

मग फोटोग्राफरनं सगळ्यांना टेकडीवर नेलं. तिथून खाली सगळं शहर दिसतं, लांबवर समुद्रही दिसतो. आणि त्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये कुणीच अडवत नाही. नवरा अ‍ॅलिस्टर आणि त्याच्याकडचे सगळे पुरुष किल्टमध्ये, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चौकटीच्या घागऱ्यांत होते, ते बिचारे दोन्ही हात खाली धरून उभे होते. फोटोग्राफर म्हणाला, "ब्राइड्समेड, थोडं डावीकडे." मधुमतीबाई डावीकडे सरकल्या आणि कड्याच्या आडोशातून बाहेर आल्या.

आधी गजरा गेला. मग जाळी. मग मानेवर एकदम गार लागलं, आणि एक काळाभोर लांब शेपटा पाहुण्यांच्या डोक्यांवरून आरामात निघून गेला.

तो अडवला अ‍ॅलिस्टरच्या आजोबांच्या भावानं, डगलअंकलनं. वय ऐंशीच्या पुढे. किल्टवर पुढच्या बाजूला एक केसाळ पिशवी लोंबते, तिला घोड्याच्या केसांचे झुपके असतात. शेपटा येऊन अंकलच्या छातीवर आपटला तेव्हा आपलाच झुपका निसटला असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून पिशवी तपासली. झुपके जागेवर होते. मग त्यांनी शेपटा हातात धरून, खणखणीत आवाजात, सगळ्या टेकडीला विचारलं, "हे माझं नाही, माझं घोड्याचं आहे. हे कुठल्या प्राण्याचं?"

दोन्हीकडची शंभरेक माणसं वळून मधुमतीबाईंकडे बघू लागली. मधुमतीबाईंच्या डोक्यावरचे मोजके केस वाऱ्यानं सरळ उभे केले होते. पळून जावंसं वाटत होतं, पण टेकडीवरून उतरायच्या पायऱ्या डगलअंकलच्या मागेच होत्या. हॉस्पिटल, टपाल, आणि आता हे. कुठेतरी आत त्यांचा संयम संपला. त्या पदर खोचून तरातरा अंकलपुढे गेल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "लेडी."

अंकलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि शेपटा दोन्ही हातांनी त्यांना दिला.

हॉलकडे जाताना दियानं आत्याला आपल्या गाडीत ओढलं आणि काचा वर केल्या. मधुमतीबाई शेपटा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मी तुला खोटं सांगितलं गं," त्या म्हणाल्या. "केस नाही राहिले. आता सगळ्यांसमोर तुझीही शोभा झाली. दुपारी दुसऱ्या कुणाला तरी उभी कर. तुझ्या एखाद्या मैत्रिणीला."

दिया हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं आपल्या अंबाड्यातले आकडे ओढून काढायला सुरुवात केली. आतून मेदूवड्यासारखी स्पंजची चकती निघाली. ती काढल्यावर जे काही उरलं ते मधुमतीबाईंच्या ओळखीचं होतं. तोच रुंद भांग. तोच कपाळाच्या कोपऱ्यातला विरळपणा. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

"माझा पण खोटी आहे," दिया म्हणाली. "युनिव्हर्सिटीपासून जातायत. माझी सगळी फ्रेंड्स, त्यांचा केस इतकी थिक आहे, आत्या! त्यांच्या बाजूला मी बाल्ड दिसते. म्हणून मी कुणालाच नाही घेतलं. बाबा म्हणाला की तुझा पण गेला, म्हणून मी तुला विचारली. मला फोटोमध्ये माझ्यासारखा कोणीतरी पाहिजे होती. आणि तू म्हणालीस, होते तसेच आहेत."

मधुमतीबाईंना एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्याला हा मान आपल्या वयाबद्दल, नात्याबद्दल किंवा पैठणीबद्दल मिळालेला नसून टकलाबद्दल मिळालेला आहे. याचा राग यायला हवा होता. आणि दुसरी, ही पोर इतकी वर्षं एकटीच आरशासमोर उभी राहत होती. राग येईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता.

"मानेला झटका देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि पुढे बघ."

हॉलमागच्या छोट्या खोलीत त्यांनी दियाला बुटक्या स्टुलावर बसवलं, स्वतः मागे खुर्चीत बसल्या आणि फणी घेतली. वॉटफर्डच्या रविवारी धरत तसंच डोकं दोन गुडघ्यांत धरलं. मोहनरावांची आकृती पर्समध्ये होती, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. केसांत शेपटा गुंफला, घट्ट वळला, वर गजरा माळला. असा भरघोस खोपा झाला की दियाची आई आत डोकावून, "अगोबाई," म्हणून तिथेच थांबली.

"आणि तू?" दियानं विचारलं. "आत्या, हा तुझं आहे. तू काय लावणार?"

मधुमतीबाईंनी आपले केस बोटांनी मागे घेतले. सुपारीएवढा अंबाडा झाला, त्याला एक आकडा पुरला. "मी करवली आहे," त्या म्हणाल्या. "माझं काम मागे उभं राहायचं."

मंगलाष्टकं सुरू झाली. मधुमतीबाई हातात करा घेऊन नवरीच्या मागे उभ्या राहिल्या. पाठीमागे सगळा हॉल होता, पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून डगलअंकल होते, आणि मोहनराव कॅमेरा घेऊन आले होते. "मधू, बाजूला होतेस का?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"नाही," मधुमतीबाई म्हणाल्या. "काढा असाच."

तो फोटो आता वॉटफर्डच्या बैठकीत, दारातून आत येताच दिसेल असा लावलेला आहे. आशाताई आल्या, चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काय केस आहेत हो दियाचे! तुमच्या घराण्याचे म्हणायचे. आणि ही मागे पाठमोरी, पातळ केसांची कोण?"

"ती होय?" मधुमतीबाई चहाचा कप पुढे करत म्हणाल्या. "ती नवरीची करवली. नवरीनं तिला मुद्दाम निवडून घेतली होती."